जवसाची चटणी आणि माझी जीभ

माझ्या जिभेवर विद्यापीठाचा शिक्का तेवढा मारलेला नव्हता. बाकी ती सव्वीस वर्षं मी कार्यालयीन मालमत्तेसारखीच सांभाळली. खर्रा नाही, पान नाही, विडी नाही. नागपुरात राहून खर्रा न खाणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपास आहे म्हणणारा पाहुणा. मित्रांनी सुपारी-तंबाखूची पुडी पुढे केली की मी हात जोडायचो. ते हसायचे आणि मी मनातल्या मनात एक बोट उंच व्हायचो.

मी अन्नशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. त्यातही चव घेण्याच्या प्रयोगशाळेत. हे सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे पाहतात आणि मग म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची." मजा कशी असते ते सांगतो. एक लांबट खोली. तिच्यात लाकडी आडोसे घालून सहा कप्पे केलेले. प्रत्येक कप्प्यासमोरच्या भिंतीत छोटी खिडकी, तिला सरकतं झाकण. झाकणामागे मी. चव घेणाऱ्याला माझा फक्त हात दिसतो. दिवा लाल, म्हणजे रंगावरून काही ओळखता येऊ नये. हाताला तीन वाट्या येतात, वाट्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. दोन वाट्यांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी कोणती ते ओळखायचं, चिठ्ठीवर तिच्या नंबराभोवती गोल करायचा, कोमट पाण्यानं चूळ भरायची, पुढच्या तीन वाट्या. बोलायचं नाही, गिळायचं नाही, आधी दोन तास काही खायचं नाही. फुकटात खायला मिळतं म्हणून आलेले प्राध्यापक दुसऱ्यांदा येत नाहीत. एक साहेब तर पहिल्याच दिवशी तिन्ही वाट्या साफ करून खिडकीवर टकटक करत म्हणाले होते, "पोळी असेल तर द्या नं एखादी."

या राज्यात माझ्या जिभेचा दरारा होता. कोणताही माल कप्प्यात जाण्याआधी मी चाखायचो आणि रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहून सही ठोकायचो. विभागप्रमुख बोरकर मॅडम नव्या विद्यार्थ्यांना माझी ओळख करून द्यायच्या, "यंत्र बिघडलं तर धोटेजींना विचारा, यंत्र बरोबर असलं तरी धोटेजींना विचारा." अशी वाक्यं माणसाला बिघडवतात.

मग जवसाचा प्रकल्प आला. चार विभागांचा एकत्र. एका टेबलाभोवती चार शास्त्रं बसली की काय होतं ते मी चहा ढवळत पाहिलं. कृषीचे लोक जवसाचं बी देणार. मराठी विभागाचे मेश्राम सर गावोगावच्या बायकांकडून चटणीच्या पद्धती टिपून आणणार. लॉचे लांजेवार सर पाकिटावरच्या छापील मजकुराचा अभ्यास करणार: 'अमुक महिन्यांपर्यंत वापरा' असं कोण ठरवतं आणि चुकलं तर जबाबदार कोण. आणि आमची रेवती, पीएच.डी.ची विद्यार्थिनी, हे शोधणार की चटणी पाकिटात नेमके किती महिने चांगली राहते. सगळ्यांचं घोडं रेवतीच्या आकड्यावर अडलं होतं. कारण एका बचत गटाच्या बायका चटणीची पाकिटं बाजारात आणायला तयार बसल्या होत्या आणि तारीख छापायला त्यांना तोच आकडा हवा होता.

जवसात तेल फार. भाजून कुटलं की हवा लागून ते लवकर खवट होतं. म्हणून एक ताजी चटणी फ्रीजरमध्ये राखून ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, पाकिटातली चटणी तिच्याशी ताडून पाहायची. या राखून ठेवलेल्या मालाला आम्ही कंट्रोल म्हणतो. शिंप्याच्या टेपसारखं समजा. टेपच आखडली तर सगळ्या गावाचे शर्ट चुकतात.

पहिल्याच दिवशी रेवती म्हणाली, "काका, कंट्रोल छोट्या पाकिटांत वेगवेगळा भरायचा का? दर वेळी एकच फोडता येईल."

"रेवती," मी म्हणालो, "मी सव्वीस वर्षांपासून हेच करून राहिलो. एक बरणी पुरते."

तिनं बिचारीनं बरणी धुवायला घेतली. माझ्या मागे वर्षांचा एवढा ढीग होता की समोरचा गप्पच बसायचा.

चव घेणारे सहा जण. त्यात मेश्राम सर आणि लांजेवार सरही होते. मेश्राम सरांना नुसता गोल करणं जमायचं नाही, ते मागच्या बाजूला चवीचं अर्धं पान वर्णन लिहायचे. लांजेवार सरांनी पहिल्या दिवशी खिडकीचं झाकण स्वतः उघडून मला विचारलं होतं, "धोटेजी, 'वेगळी' म्हणजे कोणापेक्षा वेगळी, हे या चिठ्ठीत कुठंच नाही." अशी मंडळी. त्यातल्या एका मॅडम महिनाभरात रजेवर गेल्या आणि पाचच उरले. बोरकर मॅडम म्हणाल्या, "धोटेजी, वहिनी येतील का?"

वहिनी म्हणजे माझी बायको सुनंदा. मी हसलो. घरी तिच्या भाजीला प्रयोगशाळेसारखे नऊपैकी गुण देणारा माणूस मी. म्हटलं, जागा भरायला काय, येईल.

आधी चाचणी घेतात. पाण्यात अगदी पुसट मीठ, पुसट साखर, पुसट कडू. मग ताज्या तेलात थेंब थेंब खवट तेल कमी करत नेलेलं. सुनंदानं शेवटचा, सगळ्यात पुसट प्याला ओळखला. तो आजवर कोणी ओळखला नव्हता. त्या दिवशी मला खरंच अभिमान वाटला. प्रताप नगरात आमच्या गल्लीत चार घरी सांगून आलो, त्यातल्या दोन घरी 'शेवटी बायको कोणाची' असंही म्हणालो.

हा अभिमान दोन मंगळवार टिकला.

तिसऱ्या मंगळवारी बैठक संपल्यावर सगळे बाहेर व्हरांड्यात चहा घेत होते. मेश्राम सरांनी विचारलं, "वहिनी, खवट म्हणजे नेमकं कसं लागतं हो तुम्हाला?"

सुनंदा म्हणाली, "दाराले ऑइल पेंट लावल्यावर डब्यात थोडा उरते नं सर? वर्षभरानं त्याचं झाकण उघडलं की जसा वास येते, तसा. फक्त आता तो दुरून येऊन राहिला."

मेश्राम सरांनी वही काढली. बोरकर मॅडम तर उठून उभ्याच राहिल्या. "जवसाचं तेल रंगात वापरतातच! आमच्या पुस्तकात खवट जवसासाठी हाच शब्द आहे, ऑइल पेंटसारखा."

ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. ते पान मी वाचलेलं होतं. सव्वीस वर्षांत मला तो वास 'खवट' याच्यापलीकडे कधी सांगता आला नव्हता, आणि ही बाई चहा फुंकता फुंकता सांगून गेली.

लांजेवार सर म्हणाले, "कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं करावं अशा आहेत वहिनी."

"आणि मी?" मी हसत विचारलं. निदान हसतोय असं मला वाटलं.

"तुम्ही मुद्देमाल सांभाळणारे."

सगळे हसले. सुनंदाही हसली. मी तिचा कप उचलायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं की तिला बोरकर मॅडमच्या खोलीतली गादीची खुर्ची आणून दिली होती. त्या खुर्चीवर मी कधीही बसलेलो नव्हतो.

तेव्हापासून मी तिच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून तपासायला लागलो. चूक शोधत होतो. सापडेना. बाकीच्यांचे गोल निम्म्याहून जास्त चुकायचे, हिचा प्रत्येक बरोबर. रेवती मला विचारायची ते आता तिला विचारू लागली. घरी फोन यायचा, मी उचलायचो, "काका, काकूंना द्या नं." मी फोन द्यायचो आणि भाजी निवडत बसायचो. भाजी निवडणं हे माझं काम कधी झालं तेही मला कळलं नाही.

आता यातली वाईट गोष्ट. चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ असते, 'शेरा'. ती सहसा कोणी भरत नाही. सुनंदानं एका मंगळवारी तिथं लिहिलं, "वेगळी ओळखली. पण बाकीच्या दोन पण ताज्या नाहीत." पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. चिठ्ठ्यांवरून वहीत आकडे उतरवायचं काम माझं. मी गोल उतरवले, शेरे उतरवले नाहीत. तिसऱ्या वेळी घरी आल्यावर म्हणालोसुद्धा, "तुले फक्त गोल करायचा आहे. कथा लिहायची नाही."

"काहून? जागा आहे नं शेऱ्याची."

"जागा असते. लिहायचं नसते. शास्त्र आहे ते."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं शेरा लिहिणं बंद केलं.

त्यानंतरही मन शांत होईना. एका मंगळवारी सकाळी मी हौसेनं पोहे केले, वर कच्चा कांदा भरपूर, सोबत कडक चहा. तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं बशी माझ्याकडे सरकवली. "आज मंगळवार आहे. तुम्हीच तर सांगता, आधी काही खायचं नाही म्हणून." ते सगळे पोहे मी खाल्ले.

त्याच दिवशी मी ते केलं. नेहमीचे संच झाल्यावर फक्त तिच्या खिडकीतून एक जादा संच सरकवला. तिन्ही वाट्यांत एकच माल: कंट्रोल. नंबर तेवढे वेगळे. आमच्या धंद्यात असं कोणी करत नाही. तीनात वेगळी एक असणार हा सगळ्यांचा विश्वास असतो आणि त्यावरच सगळं चालतं. माझा हिशेब असा की ती कुठंतरी गोल करणारच, आणि एकदा का तिनं गोल केला की मला ती चिठ्ठी चहाच्या वेळी सहज म्हणून सगळ्यांना दाखवता येईल.

झाकण सरकलं. चिठ्ठी आली. गोल नव्हता. शेऱ्याच्या ओळीत लिहिलं होतं:

"तिन्ही एकच. तिन्ही खवट. गोल कशाले करू?"

मला आनंद झाला हे कबूल करतो. म्हटलं, चुकली. तिन्ही एकच हे बरोबर, पण खवट कसे असतील? कंट्रोल होता तो. सकाळी मीच चाखून 'ठीक' लिहिलं होतं. आता हे नुसतं बोलून नाही, रसायनानं सिद्ध करायचं मी ठरवलं. सगळे गेल्यावर बरणीतल्या चटणीचं तेल काढलं आणि तपासायला घेतलं. या तपासणीत निळं झालेलं मिश्रण समोर ठेवून वरून एक द्रावण थेंब थेंब सोडतात. निळा रंग गेला की थांबायचं. तेल ताजं असेल तर दोनचार थेंबांत रंग जातो. माझे थेंब पडत राहिले. मी नळी पाहत राहिलो, थेंब पडत राहिले, आणि निळा रंग जागचा हलेना.

द्रावण जुनं असेल म्हणून नवं केलं. पुन्हा तेच.

कंट्रोलचा आकडा पहिल्या दिवशी काढला होता, नंतर कोणी काढलाच नव्हता. फ्रीजरमध्ये आहे म्हटल्यावर कोण काढतो? पण बरणी एकच. दर पंधरा दिवसांनी मी ती बाहेर काढून उघडी करत होतो, आत ओल धरत होती, हवा जात होती, आणि मी झाकण लावून परत ठेवत होतो. रेवतीची छोटी पाकिटं असती तर हे झालं नसतं. म्हणजे इतके महिने आम्ही खवट चटणी खवट चटणीशीच ताडून पाहत होतो आणि 'फारसा फरक नाही' असं लिहीत होतो.

मग मी चिमूटभर कंट्रोल जिभेवर ठेवला.

मला ताजा लागला.

तेव्हा मात्र खुर्ची ओढून बसलो. कृषीवाल्यांच्या पोत्यातलं जवस काढून थोडं ताजं भाजलं, कुटलं. वाट्यांच्या बुडाखाली खुणा केल्या, डोळे मिटून वाट्या फिरवल्या आणि स्वतःचीच परीक्षा घेतली. दोन ताज्या, एक खवट, ओळख. नऊ वेळा केलं. तीनदा बरोबर आलं. तीनातली एक वाटी न चाखता उचलणाऱ्याचंही साधारण तेवढं बरोबर येतं.

माझी जीभ कधी गेली मला ठाऊक नाही. जीभ म्हणतो तेही खरं नाही, खवटपणा हे बरंचसं नाकाचं काम. पण मला ते कळलं नाही याचं कारण साधं होतं. झाकणामागे नेहमी मी असायचो. कोणत्या वाटीत काय आहे हे मला आधीच माहीत असायचं, आणि माहीत असलेली चव लागतेच.

पुढचे दोन दिवस ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. सांगायचं तर तो जादा संच का लावला तेही सांगावं लागणार. शेरे दाबले तेही. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? सुनंदाला वाटलं असतं असाही एखादा संच असतो. रेवतीचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. बायकोची जीभ खरी निघाली एवढंच, असं मी स्वतःला समजावत होतो. पण खरं तर ते 'एवढंच' मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी मी वाट्या विसळत होतो आणि मागे रेवती फोनवर बोलत होती. बचत गटाच्या ताई होत्या पलीकडे. "हो ताई, छापायला द्या. सहा महिने टाका. आमचं पक्कं आहे."

मी म्हणालो, "रेवती, त्यांना थांबायला सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. मग मी खिशातली चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि बरणीपासून पोह्यांपर्यंत सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "काकूंनी आधी पण असं लिहिलं होतं का?"

मी खणातून तिन्ही चिठ्ठ्या काढून दिल्या.

"या फेकल्या नाहीत तुम्ही?"

"फेकायची हिंमत नव्हती. वहीत लिहायची दानत नव्हती."

ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही उघडली आणि पहिल्या महिन्यानंतरच्या प्रत्येक पानावर, पट्टी लावून, पेन्सिलनं तिरपी रेघ ओढायला सुरुवात केली. मी उभा होतो.

बोरकर मॅडमनी ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. प्रयोग पुन्हा करायचा ठरला. रेवतीचं जवळजवळ वर्ष गेलं; ते मी भरून देऊ शकत नाही आणि तसं म्हणायची लाजही वाटते. माझ्यावर लेखी ठपका आला, तो योग्यच होता. लांजेवार सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, छापायच्या आधी बोललात. नंतर हे माझ्या विषयात आलं असतं."

मग मॅडमनी विचारलं, "नवा कंट्रोल दर वेळी ताजा आहे की नाही, हे कोण चाखून सांगणार?"

"मी नाही," मी म्हणालो.

"मग कोण?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पण सगळे माझ्या तोंडून ऐकायला थांबले होते. मी बायकोचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय नाव घ्यायला एवढा वेळ मला आयुष्यात कधी लागला नव्हता.

घरी गेलो तर सुनंदा ओट्याशी दाणे कुटत होती. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोह्यांचं आणि तीन वाट्यांचंही. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"मंगळवारी येशील का? आता माझ्या जागेवर."

"शेरा लिहू द्याल का?"

"तूच लिहायचा आता. दुसरं कोणी नाही लिहिणार."

"मग येईन."

मी म्हणालो, "तुले राग नाही आला?"

"आला नं. तीन वाट्यांचा नाही आला. कथा लिहू नको म्हणाले त्याचा आला होता." मग म्हणाली, "आणि तुमच्या जिभेचं मले ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होत आले. आपली पोरगी कीर्ती पुण्याहून आली होती तव्हा खीर केली होती. दूध बुडाले लागलं होतं, घरभर करपट वास मारून राहिला होता. पोरीनं वाटी बाजूले ठेवली. तुम्ही दोनदा मागून घेतली. मंग मी ध्यान देऊन पाहत गेली."

"तर मले सांगितलं काहून नाही वं?"

तिनं दाण्याचं कूट डब्यात भरलं, हात झटकला. "कसं सांगू? घरी येणाऱ्या जाणाऱ्याले तुम्ही जिभेचंच सांगत राहत होते. दुसरं काय सांगत होते तुम्ही कधी?"

माझ्याजवळ तिचे तीन शेरे होते आणि ते मी दोन महिनेही धडपणे सांभाळू शकलो नाही. पोहे केले, सापळा लावला. तिच्याजवळ माझं एवढं मोठं गुपित दोन वर्षं होतं आणि ती रोज समोर बसून जेवली, एक शब्द न काढता. मला लाज वाटली हे खरं आहे. पण लाजेच्या आधी, अगदी आधी, मला तिचा हेवाच वाटला.